पानं कोरडी, मीठ शेवटी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गच्चीच्या जिन्यावर हिचा पाय घसरला आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, ६ आठवडे हात गळ्यात. मला नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त होऊन तेव्हा २ वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला, घरात आम्ही दोघंच. पोळ्या-भाकरीला एक मावशी लावल्या, वरण-भात मला येत होता, शेजारच्या वहिनी भाजीची वाटी आणून देत होत्या. पण शेजाऱ्यांकडून किती दिवस घ्यायचं? चौथ्या दिवशी ही ताटाकडे बघत म्हणाली, "अहो, ताटात हिरवं काहीच नाही."

आमच्या ताटात रोज उजवीकडे भाजी आणि डावीकडे कोशिंबीर असायची. लग्नाला ३४ वर्षं झाली. ती कोशिंबीर मी रोज खाल्ली आणि ती कशी होते ते एकदाही उभं राहून पाहिलं नव्हतं. मी ठरवलं, शिजवायची भाजी नंतर शिकू, आधी हिरवं कच्चं शिकू. गॅस लागत नाही, भांडी कमी, म्हणजे सोपं असणार.

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच काकडी, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर चिरली, वरून मीठ-लिंबू घातलं आणि झाकून ठेवलं. एक वाजता झाकण काढलं तर बाऊलच्या तळाशी बोटभर पाणी, काकडी मऊ आणि कोथिंबिरीचा रंग काळपट. हिने बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मीठ जेवायला बसताना घालायचं. पाणी सुटतं ना." हे वाक्य मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल, पण त्या दिवशी ते समजलं. मीठ भाजीतलं पाणी ओढून बाहेर काढतं. लिंबाच्या आंबटाने हिरवा रंग मरतो. दोन्ही गोष्टी जसजसा वेळ जातो तशा वाढतात, त्यामुळे चिरणं आधी झालं तरी चालेल, पण मीठ आणि लिंबू ताट वाढल्यावर.

मग मुलीने फोनवर सांगितलं, बाबा, लेट्यूस आणा, चिरायचीही गरज नाही, हातानेच तोडायचं. बिटको चौकाजवळच्या एका दुकानातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गड्डा आणला. वरची पानं छान होती, आतली चार पानं चिकट, बुळबुळीत झालेली निघाली. तेव्हापासून बंद पाकिटातला पाला मी घेत नाही. जी जुडी हातात घेऊन मधून उकलून बघता येते तीच घेतो. उरलेली पानं धुतली, तोडली, वर तेल, लिंबू, मिरपूड. एक घास खाल्ला तर पान वेगळं, चव वेगळी. सगळं तेल-लिंबू खाली जमा झालेलं. हिने डाव्या हाताने एक पान उचललं, दोन बोटांत धरून बघितलं आणि म्हणाली, "पानं ओली आहेत. ओल्याला तेल कसं चिकटेल?"

मी जे शिकलो त्यातला मोठा भाग याच वाक्यात आहे, म्हणून आता करतो ते नीट सांगतो.

भाजी आणली की त्याच संध्याकाळी निवडायची. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं त्यात बुडवायची, हाताने हलवायची आणि दोन मिनिटं तशीच सोडायची. माती खाली बसते. मग पातेलं चाळणीवर उपडं करायचं नाही, तसं केलं तर तळाची माती परत पानांवरच पडते. दोन्ही हातांनी पानं वरून उचलून घ्यायची, पाणी टाकायचं, पातेलं विसळायचं, पुन्हा पाणी. मेथीला तीन वेळा तरी. तिसऱ्या पाण्यात तळाला बोट फिरवलं आणि रेव लागली नाही, की झालं. एका पाण्यात मी मूठभर मीठ घालतो, त्याने पानांमागची बारीक अळी सुटून येते. शेवटी वाहत्या नळाखाली एकदा.

मग पंचा. माझा जुना, धुवून मऊ झालेला सुती पंचा पलंगावर पसरतो, त्यावर पानं एका थरात. वरून पंचा दुमडून हलके थोपटतो. त्यानंतर चारही टोकं गोळा करून गाठोडं हातात धरतो आणि गॅलरीत जाऊन गोल फिरवतो, पंधरा-वीस वेळा. पाण्याचे थेंब भिंतीवर उडतात. पहिल्यांदा फिरवलं तेव्हा ही दारात खुर्ची घेऊन बसली होती आणि मोजत होती. गाठोडं उघडलं, पान हातात घेतलं तर कागदासारखं कोरडं वाजलं. तो आवाज आला म्हणजे पानं तयार. मग डब्याच्या तळाशी कोरडं सुती फडकं, वर पानं दाबून न भरता, वर पुन्हा फडकं, झाकण आणि फ्रीज. मेथी आणि लेट्यूस चार-पाच दिवस टिकतात. फडकं ओलसर झालं की बदलायचं, एवढंच. या सगळ्याला बुधवारी पाऊण तास जातो आणि मग आठवड्यातला रोजचा वेळ सात-आठ मिनिटांवर येतो.

बुधवार यासाठी की मी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून भाजी आणायला लागलो. नाशिकरोडहून पंचवटीतल्या निमाणी स्टँडची बस, तिथून चालत घाटावर. जवळ मंडई असताना एवढ्या लांब कशाला, असं ही सुरुवातीला म्हणायची. पण तिथे आसपासच्या खेड्यांतून आलेल्या बाया स्वतःची जुडी स्वतः विकायला बसतात आणि विचारलं की सांगतात, भाजी कधी खुडली, पाणी कधी दिलं. हिने मला यादी नाही दिली, खूण दिली. मेथी बारीक पानाची, गावठी. मोठ्या रुंद पानाची भाजीला चालते, कच्ची खायला ती चरचरीत नसते. पातीचा कांदा घ्यायचा तर पात सरळ उभी हवी, टोकं पिवळी नकोत आणि खालचा कांदा बोटाएवढाच. मुळा घेताना पाल्यासकट, कारण कोवळा पाला फेकायचा नसतो. पहिल्या बुधवारी मी दोन तास फिरलो. तिसऱ्या बुधवारी एका आजींनी मला बघून न मागता गावठी मेथीची जुडी पुढे केली.

आणि मग घोळाणा.

हिचं माहेर सटाण्याकडचं. हिवाळ्यात तिच्या माहेरी शेतात जेवताना घोळाणा, म्हणजे तेल-तिखट लावलेला कच्चा पाला, करायचे. आमच्या घरी तो कधीतरी भाकरीबरोबर व्हायचा, पण मी त्याला तोंडी लावणं समजायचो. लेट्यूसचा माझा खटाटोप चार-पाच दिवस बघून ही म्हणाली, "कशाला ते शोधत फिरता? उद्या घोळाणा करू, मी सांगते तसं करा." ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली, मी ओट्यापाशी.

मेथीची पानं दोन मुठी, देठ नाही. पातीचा कांदा चार काड्या, पातीसकट. "बारीक चिरा, पण एकदाच. सुरी परत परत फिरवली तर कडू होतं." मेथी जितकी ठेचली जाईल तितका तिचा कडूपणा बाहेर येतो, हे मी नंतर करून पाहिलं आणि खरं निघालं. मग दाण्याचा कूट दोन चमचे, जाडसर. लाल तिखट. लाकडी घाण्याचं कच्चं शेंगदाणा तेल एक मोठा चमचा. "आता हाताने वरखाली करा. चोळू नका. तेल आधी, मीठ शेवटी." मी विचारलं, तेल आधी का? ती म्हणाली, "आई तसंच करायची." मला वाटतं कारण असं आहे की पानावर तेलाचा हात फिरला की मिठाला पाणी ओढायला थोडा वेळ लागतो. काही असो, त्या क्रमाने केला की घोळाणा पंधरा मिनिटं कुरकुरीत राहतो आणि उलट केला की पाच मिनिटांत बसतो. मी दोन्ही करून पाहिलं.

बाजरीच्या गरम भाकरीबरोबर तो घोळाणा मी खाल्ला आणि त्या दिवशी मुलीला फोन करून सांगितलं, की आपलं सॅलड घरातच होतं. हिरवी पानं, तेल, दाणे, तिखट, मीठ. यात काय कमी आहे? आंबट हवं असेल तर लिंबू. वर्षानुवर्षं शेतातली माणसं हे खात आली आणि आपण ते 'जुनं' म्हणून बाजूला ठेवलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जानेवारीत हरभऱ्याचा कोवळा पाला आला. इथे आमचं थोडं वाजलं. ही म्हणाली, हा पाला धुवायचा नाही. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, तोच त्याचा आंबटपणा, धुतला की गेला. तिच्या लहानपणी पहाटे शेतात फडकं फिरवून ती आंब गोळा करून ठेवत, पोटदुखीला देत. तिचं म्हणणं खरं आहे, आंबट ते पानांवरच असतं. पण तेव्हाचं शेत आणि आताचं शेत यात फवारणीचा फरक आहे आणि बाजारातल्या जुडीवर काय मारलंय ते आपल्याला कळत नाही. मी धुतलाच. गेलेल्या आंबटाच्या जागी अर्धं लिंबू पिळलं. हिने खाल्लं, चांगलं झालंय म्हणाली आणि पुढे म्हणाली, "पण ते हे नव्हे." तिचं बरोबर होतं. तरी मी पुढेही धूतच राहिलो.

रोज घोळाणा चालत नाही, म्हणून दुसरी एक सोय केली, फेसलेल्या मोहरीची. ही पूर्वी लोणच्याला मोहरी फेसायची, मी ती सॅलडला वापरली. एक चमचा मोहरीची पूड, तीन-चार चमचे गार पाणी, रवीने फेसायचं आणि दहा मिनिटं ठेवायचं. नाकात झिणझिण्या येतात. फोडणीतल्या मोहरीला ही तिखटी नसते, कारण ती पाण्यात मोहरी फुटली की तयार होते आणि उष्णतेने ती क्रियाच थांबते. यात लिंबाचा रस दोन चमचे, तेल चार चमचे, चिमूटभर गूळ. मीठ आत्ता नाही. घट्ट झाकणाच्या बाटलीत हलवलं की मोहरीमुळे तेल आणि रस एकजीव होतात, लगेच फुटत नाहीत. फ्रीजमध्ये तीन दिवस पुरतं. लेट्यूसवर, बारीक चिरलेल्या कोबीवर, मुळ्याच्या कोवळ्या पाल्यावर एक चमचा. जानेवारीत द्राक्षं यायला लागली तेव्हा सुरुवातीची आंबटसर द्राक्षं अर्धी चिरून लेट्यूसमध्ये टाकली आणि वरून ही मोहरी. नाशिकमध्ये राहून हे आधी का सुचलं नाही, असं वाटलं. पाहुणे आले तर मी आता तेच करतो.

कांद्याबद्दल एक. या दिवसांत लासलगावकडचा लाल कांदा येतो. तो पाणीदार आणि कच्चा खाताना आमच्या जिभेला झोंबणारा. पातळ चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवला आणि निथळून कोरडा केला की तिखटी उतरते, कुरकुरीतपणा राहतो.

सगळं जमलं असं नाही. कच्चा शेपू आम्हा दोघांनाही नाही आवडला, बाकी सगळ्याची चव तो खाऊन टाकतो. पालक कोवळा असेल तर चांगला लागतो, पण मला दोनदा मुतखडा झालेला आहे आणि डॉक्टरांनी पालकावर हात आखडता ठेवायला सांगितलाय, म्हणून तो आमच्या घरी शिजवूनच, आणि कधीतरी. पावसाळ्यात कच्चा पाला खाणार नाही हेही आम्ही ठरवलंय. तेव्हा मोड आलेले मूग आणि काकडी.

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं. मनगट बारीक झालेलं, त्वचा कोरडी, मूठ पूर्ण वळत नव्हती. व्यायामाला मऊ चेंडू दिला, दिवसातून चार वेळा दाबायचा. त्या बुधवारी मी बाजारातून आलो, पानं धुतली, गाठोडं गॅलरीत फिरवलं, मेथी आणि पात चिरली, कूट, तिखट, तेल घातलं. लिंबू कापून अर्धी फोड उचलली तर ही म्हणाली, "आणा इकडे."

तिने ती उजव्या हातात घेतली. पहिल्यांदा काहीच आलं नाही. तिने डावा हात खाली धरला, डोळे मिटले आणि पुन्हा दाबलं. सात-आठ थेंब पडले आणि दोन बिया. बिया तिने बोटाने वेचून काढल्या, फोड माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मीठ घाला आता, ताटं घेते मी."