सायकल, कानातली गाणी आणि दुसरी ट्रॉली

गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. "भाऊजी, तुम्हीच सांगा जरा त्याला, आमचं कुठं ऐकतोय तो." पुतण्या यंदा अकरावीला आहे, माधवनगरवरनं सांगलीत क्लासला सायकलनं येतो, आणि वाढदिवसाला त्याला ते नॉइज कॅन्सलेशनवाले, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणारे इअरबड्स मिळालेत. दोन्ही कानांत घालूनच घरातनं निघतो. परवा डबा विसरला म्हणून वहिनीनं फाटकातनं तीन हाका मारल्या, हा वीस फुटांवर असून वळला नाही, तेव्हापासून तिच्या डोक्याला घोर लागलाय.

आता मी स्वतः दहा वर्षं सायकलवर गाणी ऐकतोय. घर विश्रामबागला, ऑफिस मिरजेत, रविवारी कधी तासगाव कधी दंडोबाचा डोंगर. त्यामुळं "बंद कर ते" एवढं सांगून मोकळं व्हायचं मला जमणार नव्हतं आणि माझं तसं मतही नाही. पण माझा हात प्लास्टरमध्ये का होता ते त्याला कुणी नीट सांगितलेलंच नव्हतं, म्हणून तिथनंच सुरुवात केली.

डिसेंबरची संध्याकाळ होती, गाळप हंगाम जोरात. तासगाववरनं परत येत होतो, कवलापूर सोडलं होतं, बुधगाव यायचं होतं. दोन्ही कानांत बड्स, आवाज जवळजवळ फुल्ल. उसाचा ट्रॅक्टर उजवीकडनं पुढं आला तो दिसला, मी साइडपट्टीवर उतरलो, ट्रॅक्टर गेला, ट्रॉली गेली, आणि मी सायकल परत डांबरावर घेतली. मागनं त्याच ट्रॅक्टरला जोडलेली दुसरी ट्रॉली येत होती. बाहेर लोंबणारा ऊस खांद्याला लागला आणि मी डावीकडं खडीत आडवा. ट्रॅक्टरवाल्याला काहीच कळलं नाही, तो तसाच पुढं गेला. शेजारच्या रानातली माणसं पळत आली, पाणी दिलं, सायकल उचलली. मनगट मोडलं होतं, दीड महिना प्लास्टर.

डबल ट्रॉली असते हे सांगलीच्या पोराला शिकवायला लागत नाही, लहानपणापासनं बघतोय आपण. पण माहीत असणं वेगळं आणि त्या क्षणाला लक्षात असणं वेगळं, आणि लक्षात आणून द्यायचं काम कान करत असतात. इंजिनचा आवाज पुढं जातो, मग पहिल्या ट्रॉलीचा करकर आवाज, आणि त्याच्यामागं हुक आणि साखळीचा खडखडाट चालूच असतो, तो थांबेपर्यंत हात आपोआप सायकल आत घेत नाही. माझ्या हाताला तो खडखडाट पोचलाच नाही.

प्लास्टरमध्ये बसल्या बसल्या ह्यावर बरंच वाचलं. आवाज उजवीकडनं आला की डाव्या कानाला तो किंचित उशिरा पोचतो, जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही साठ-पासष्ट टक्के एवढाच फरक, आणि थोडा बारीकही पोचतो, एवढ्यावरनं मेंदू सांगतो की गाडी कुठल्या अंगानं येतीय. एक कान बुजवला की हा हिशोबच बिघडतो. काहीतरी येतंय एवढं कळतं पण कुठनं ते कळत नाही. आणि वेळ किती मिळतो बघा, मागची गाडी ६० च्या स्पीडला, आपण २० ला, म्हणजे ती दर सेकंदाला ११ मीटर जवळ येते. ५० मीटरवर ऐकू आली तर साडेचार सेकंद मिळतात, खड्डा चुकवायचा का साइडपट्टीवर उतरायचं ते ठरवायला तेवढे पुरतात. १५ मीटरवर ऐकू आली तर फक्त दचकायला होतं.

नॉइज कॅन्सलेशन सगळ्यात जास्त काय खातं तर खालच्या पट्टीचा एकसारखा घुमणारा आवाज, विमानाचा, फॅनचा. म्हणजे नेमका ट्रकचा आणि ट्रॅक्टरचा. घरी अभ्यासाला भारी आहे ते, रोडवर नको म्हणजे नको. ट्रान्सपरन्सी मोड असतो त्यात बाहेरचा आवाज माइकमधनं आत येतो, चालताना छान वाटतो, पण सायकलवर वारा थेट त्या माइकवर आपटतो आणि बऱ्याच बड्समध्ये नुसतं फर्रर्र ऐकू येतं. मग माणूस काय करतो, गाणं वाढवतो.

हे वाढवणं लई घातक आहे बरं का, आणि ते अपघाताच्याही पलीकडचं आहे. वारं कानावर घोंगावतं, स्पीड वाढेल तसं जास्त, त्याच्यावर गाणं चढवायचं म्हणून आपण एकेक पॉइंट वर जातो आणि लक्षातच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास चालतं, पण पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९० ला आठवड्याचे जेमतेम ४ तास. माझं रोजचं जाणं-येणंच आठवड्याला तेवढं होतं. मिरजेत ऑफिसला जाताना मी सतारमेकर गल्लीतनं जातो, तिथल्या एका कारागिरांशी ओळख झालीय. तंबोऱ्याची जवारी लावताना, म्हणजे तारेचा झंकार खुलवताना, घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवतात आणि कान लावून बसतात, मला आधीच्या आणि नंतरच्या आवाजात फरकच ऐकू येईना. ते म्हणाले, "तुमचा कान थकलाय, सकाळी या." २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं सगळ्या गावाला कौतुक, पण ती सगळी कला एका निरोगी कानावर उभी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या नावानं अजून मैफल होते, आणि त्यांच्या किराणा घराण्याची गायकी मला जीव की प्राण आहे. पण सायकलवर मी शास्त्रीय ऐकणं सोडलं. विलंबित आलाप इतका हळू असतो की रोडच्या आवाजात तो बुडतो, मग आवाज वाढवायचा, आणि द्रुतला तबला चढला की तोच आवाज कानात दणकन् बसतो. त्यापेक्षा एका लेव्हलची भावगीतं, गप्पांचे पॉडकास्ट, हे बारीक आवाजात चालतं. मात्र क्रिकेटची कॉमेंट्री नको, शेवटच्या ओव्हरला माणूस रोडवर राहतच नाही.

सध्या मी बोन कंडक्शनवाला हेडफोन वापरतो. तो कानाच्या पुढं गालाच्या हाडावर बसतो, थरथर हाडातनं थेट आतल्या कानाला जाते आणि कानाचं भोक उघडं राहतं. बेस फारसा मिळत नाही, चष्म्याची काडी आणि हेल्मेटचा पट्टा ह्यांची सवय व्हायला आठवडा गेला. पण दुकानदार सांगतात तसं "एकदम सेफ" असं काही नाही. आवाज मोठा केला की तोही बाहेरचं झाकतो, आणि आतला कान तोच, तो तितकाच दमतो. ज्यांच्याकडं साधेच बड्स आहेत त्यांनी निदान एकच घालावा, आणि तो डाव्या कानात, कारण आपल्याकडं गाड्या उजवीकडनं पुढं जातात. दिशा नीट कळणार नाही हे धरून चालायचं.

फ्रान्समध्ये २०१५ पासनं सायकलवर कानात काही घालायलाच बंदी आहे, १३५ युरो दंड. आपल्याकडं मी माझ्यापुरते नियम केलेत. सांगली-मिरज रोडला काही नाही, कधीच नाही, तिथं वडाप म्हणजे शेअर जीपा, एसटी, रिक्षा सगळे एकाच वेळी आपल्या अंगावर असतात. आयर्विन पुलावर नाही, तो १९२९ चा, अरुंद, तिथं चुकायला जागाच नाही. गाळप हंगामात तासगाव रोडला नाही. अंधार पडल्यावर कुठंच नाही, कारण कुत्री, त्यांच्या पायांचा आवाज आधी येतो आणि भुंकणं नंतर. राहिलं काय तर सकाळी सहाचा हरिपूर रोड, तिथं बारीक आवाजात दोन-चार गाणी होतात, संगमेश्वराच्या देवळापाशी घाटावर पाच मिनिटं बसायचं आणि तिथं मात्र मनसोक्त ऐकायचं.

आणि सायकलचा स्वतःचा आवाज असतो तोही ऐकायचा असतो. चेन कोरडी पडली की चिवचिव करते, ब्रेकची रबरं रिमला घासली की बारीक सूं सूं येतं, स्पोक तुटला की टिंग वाजतो. माझा मागच्या चाकाचा स्पोक गेलेला मला आवाजावरनंच कळला, नाहीतर दंडोबाच्या उतारावर काय झालं असतं सांगता येत नाही.

पुतण्यानं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण काका, इलेक्ट्रिक स्कूटरचा तर आवाजच येत नाही, कान उघडा ठेवून काय उपयोग?" प्रश्न रास्त होता. म्हणून हँडलला आरसा लावायचं ठरलं, उजव्या बाजूला. त्यानं पुढं विचारलं, "आणि ट्रॅक्टरवाले एवढ्या मोठ्यानं डेक लावतात ते?" मी म्हटलं, म्हणूनच तर. तुझी घंटी त्याला ऐकू येत नाही, तुझं ओरडणं ऐकू येत नाही, मी पडलो तेही त्याला ऐकू आलं नव्हतं. तो थोडा वेळ माझ्या मनगटाकडं बघत बसला.

आरसा शनिवारी बसवला. रविवारी सकाळी दोघं हरिपूरला गेलो, बड्स त्याच्या सॅकमध्ये होते. बुधगावच्या बाजूचा, मी पडलो तो वळणाचा पट्टा त्याला अजून दाखवायचा राहिलाय, पण ते साखर कारखाने बंद झाल्यावर.