पेशी नाहीत, तरी जांभळं

"मॅडम, या रांगेत पेशी घातल्याच नव्हत्या. मग जिवंत कोण आहे?"

आमच्या एमएस्सीच्या पोरीचा प्रश्न. हातात 96 खळग्यांची प्लेट. शेवटच्या रांगेत फक्त पेशी वाढवायचं माध्यम, आवळ्याचा अर्क आणि एमटीटी. तरी रंग मस्त जांभळा!

एमटीटी म्हणजे पेशी जिवंत आहेत का ते तपासायचं रसायन, मूळचं पिवळं. जिवंत पेशींमधली एन्झाइम्स त्याचे जांभळे स्फटिक करतात. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून 570 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंग मोजायचा. जांभळं म्हणजे जिवंत, फिकं म्हणजे मेलेलं. मोसमन यांनी 1983 मध्ये ही पद्धत मांडली. स्वस्त आणि सोपी, म्हणून नव्या औषधाच्या शोधात पहिल्या चाळणीला आजही हीच.

पण आवळ्यातली अँटिऑक्सिडंट्स तेच काम एन्झाइमशिवाय उरकतात. म्हणजे पेशी मेल्या तरी आकडा "ठणठणीत" सांगणार. हळदीतल्या कर्क्युमिनचं तर विचारूच नका. ते स्वतःच पिवळं, वर चमकणारं. चाचण्यांमध्ये ते कशी फसगत करतं, यावर 2017 मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांनी अख्खा आढावा लिहिलाय.

आणि इकडे घरच्या ग्रुपवर रोज "अमुक पाल्याने कॅन्सरच्या पेशी मेल्या". कुठल्या चाचणीत, कंट्रोल (तुलनेचा नमुना) कोणता, विचारलं की आत्या रागावते.

उद्या अर्क धुऊन काढून, ताजं माध्यम घालून मगच एमटीटी. जोडीला एटीपी, म्हणजे जिवंत पेशींमधला ऊर्जेचा रेणू, मोजणारी चाचणी. तिच्यात काजव्याचं ल्युसिफरेज, म्हणजे एटीपी वापरून प्रकाश देणारं एन्झाइम, असतं. त्यालाही काही रेणू परस्पर अडवतात म्हणा. तुम्ही दुसरी चाचणी कोणती लावता?