फिनिशिंगचे निर्णय प्लॅस्टरच्या आधी: रत्नागिरीजवळ घर बांधतानाचा अनुभव

घराचा सांगाडा उभा राहिला की येणारा-जाणारा विचारतो, फरशी कुठली घालणार? आमच्या घरी या प्रश्नाचं उत्तर जिन्याचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, बांधायच्या आधीच कागदावर होतं, आणि ते तेव्हाच असायला हवं असं माझं ठाम मत आहे. फरशी, डॅडो (भिंतीवरच्या टाइलचा पट्टा), ओट्याचा ग्रॅनाइट, दाराची चौकट, प्रत्येकाला जाडी असते. रंग आणि डिझाइन शेवटपर्यंत बदलता येतं, जाडी मात्र काँक्रीट ओतायच्या आधी ठरवावी लागते. आमचं घर रत्नागिरीजवळ आहे, आरसीसी (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटची) फ्रेम आणि जांभ्या चिऱ्याच्या भिंती. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे जाडीच्या जोडीला दुसरा विचार पाण्याचा करावा लागला.

पडवी आणि माजघराला कोटा दगडाच्या लाद्या, झोपायच्या खोल्यांना व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाइल असं ठरवलं. कोट्याची लादी २० ते २५ मिलिमीटर जाड असते आणि एकाच गाडीतल्या लाद्याही सारख्या जाडीच्या नसतात, म्हणून तिच्याखाली ४० मिलिमीटर माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) धरावा लागतो. टाइल ९ मिलिमीटर, खाली ४ मिलिमीटर ॲडहेसिव्ह. दोन्ही फरश्या उंबऱ्यापाशी एका पातळीत भेटायच्या तर सगळीकडे ६५ मिलिमीटर जागा धरायची आणि टाइलच्या खोलीत खालचा कोबा, म्हणजे सिमेंटचा सपाट थर, ५२ मिलिमीटरचा करायचा. एवढं एक गणित गवंड्याला चौकटी उभ्या करायच्या आधी दिलं की दारं खालून तासायची वेळ येत नाही.

जिन्यावर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. समजा तयार पायरी १६५ मिलिमीटर उंच हवी आहे. सेंट्रिंगवाला सगळ्या पायऱ्या १६५ च्याच ओततो. पुढे पायरीवर २० चा ग्रॅनाइट आणि २० चा माल असे ४० मिलिमीटर चढतात, पण खालच्या आणि वरच्या मजल्याची फरशी ६५ ने उचलली जाते. मग पहिली पायरी उरते १४० ची आणि शेवटची होते १९० ची. मधल्या सगळ्या बरोबर असूनही वर पोचताना पाय अडखळतो, आणि म्हातारं माणूस नेमकं तिथेच पडतं. यावर उपाय फुकट आहे. काँक्रीटची पहिली पायरी १९० ची ओतायची, शेवटची १४० ची. दगड बसल्यावर सगळ्या १६५ च्या होतात. मात्र पायरीला कुठला दगड आणि किती जाडीचा, हे त्या दिवशी ठरलेलं हवं.

भिंती झाल्या की आणखी एक काम कुणी मागत नाही, ते मागून करून घ्यावं. तयार फरशी जिथे येणार तिथून बरोबर १ मीटर उंचीवर घरभर रेघ मारायची. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन मुख्य दारापासून सुरुवात करायची, सगळ्या खोल्या फिरून परत त्याच खुणेवर यायचं. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर नळीत हवेचा बुडबुडा अडकलाय असं समजून पुन्हा फिरायचं. त्यानंतर स्विचची उंची, ओटा, खिडकीचा कट्टा, गिझरचा पॉइंट सगळं त्या रेघेवरून मोजायचं. कच्च्या जमिनीवरून घेतलेलं माप प्रत्येक खोलीत वेगळं येतं.

वायरिंगच्या पाइपासाठी चिऱ्यात खाच मारताना उभीच मारावी, लांब आडवी खाच भिंत कमकुवत करते. २५ मिलिमीटरचा पाइप प्लॅस्टरखाली नीट दडायला ३५ ते ४० मिलिमीटर खोली लागते. बाहेरून चिरा उघडा ठेवायचा असेल तर सगळे पाइप आतल्या, प्लॅस्टरच्या बाजूनेच न्यावे लागतात, आणि पडवीतला दिवासुद्धा आतून भोक पाडून घ्यावा लागतो. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, गिझर आणि एसीला स्वतंत्र चारची वायर, आणि सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. स्विचचा डबा प्लॅस्टरच्या पृष्ठभागाशी समपातळीत बसला पाहिजे. स्वयंपाकघरात ओट्यामागे टाइल येणार असेल तर तिथले डबे टाइल आणि ॲडहेसिव्हच्या जाडीएवढे, म्हणजे १२-१५ मिलिमीटर बाहेर काढून बसवावे लागतात. भिंती लिंपायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवावा. पुढे पडद्याचा रॉड ठोकताना तोच फोटो उघडला जातो.

प्लॅस्टर आत १२ मिलिमीटर, बाहेर लागेल तिथे दोन थरांत २०. चिरा पाणी अधाशासारखा पितो. भिंत आदल्या दिवशी आणि पुन्हा सकाळी भिजवली नाही तर तो मालातलं पाणी ओढून घेतो, सिमेंट पुरतं पकडत नाही आणि भिंतीवर हात फिरवला की वाळू सुटते. कॉलम-बीम आणि चिरा जिथे भेटतात तिथे दोन्ही पदार्थ वेगवेगळे आकसतात, म्हणून सांध्यावर दोन्ही बाजूंना किमान ४ इंच जाईल अशी जाळी ठोकायची. ही जाळी नसली की सरळ रेघेतली भेग पडणारच, रंग कितीही महाग असो. गुळगुळीतपणासाठी कोरडं सिमेंट भुरभुरून गुरमाळा फिरवायची सवय काही गवंड्यांना असते, त्यातून केसासारख्या भेगांचं जाळं उमटतं. पाणी मारणं किमान ७ दिवस.

न्हाणीघरावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण तिथलं काम टाइलखाली गाडलं जातं. वरच्या मजल्याचा संक स्लॅब, म्हणजे न्हाणीसाठी खाली घेतलेला स्लॅबचा भाग, आधी तारेच्या ब्रशने खरवडून धुवायचा. पाइप स्लॅबमधून जिथे जातो त्याच्याभोवती नुसता सिमेंटचा माल भरला की तो आकसतो आणि गळती तिथूनच सुरू होते, तिथे न आकसणारा ग्राउट (फट भरायचं मिश्रण) भरायचा. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात मालाने गोलाई काढायची, कारण पाणी अडवणारं कोटिंग काटकोनात तडकतं. मग ॲक्रिलिक-सिमेंटचं दोन घटकांचं कोटिंग, एक हात आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा, संकच्या आत पूर्ण, भिंतीवर तयार फरशीच्या वर १ फूट आणि शॉवरच्या भिंतीवर ६ फूट. यानंतर संक पाण्याने भरून ४८ तास ठेवायचा आणि खालून छत बघायचं. ठेकेदाराला हा दोन दिवसांचा खोळंबा वाटतो. पण ओल्या छतावरून गळती नेमकी कुठून आहे हे शोधणं टाइल लागल्यावर जवळपास अशक्य असतं, त्यामुळे यावर तडजोड करू नये. संकचा खड्डा भरून झाल्यावर वरच्या कोब्यावर पुन्हा कोटिंगचे दोन हात द्यायचे, कारण टाइलच्या सांध्यातून झिरपलेलं पाणी तिथेच अडलं पाहिजे. उतार १ ला ८० ठेवला, म्हणजे ८ फुटांत साधारण सव्वा इंच. न्हाणीची फरशी दाराशी खोलीपेक्षा अर्धा इंच खाली आणि मध्ये ग्रॅनाइटचा उंबरा. चौकटही ग्रॅनाइटचीच केली. कोकणात न्हाणीच्या लाकडी चौकटीचा पाय आधी काळा पडतो, मग कुजतो.

गरम-गार पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या, भिंतीत बसणाऱ्या डायव्हर्टरवर प्लॅस्टिकची टोपी असते आणि तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन रेघा असतात. तयार टाइलचा चेहरा या दोन रेघांच्या मध्ये आला पाहिजे. प्लॅस्टर १२, ॲडहेसिव्ह ४, टाइल ९, म्हणजे कच्च्या भिंतीपासून २५ मिलिमीटर. टाइल न ठरवता डायव्हर्टर बसवला तर एक तर मूठ टाइलमध्ये रुतते, नाहीतर झाकणाची चकती भिंतीला टेकत नाही. भिंत बंद करण्याआधी नळाच्या पाइपांना दाब देऊन दाबमापकाचा काटा उतरत नाही ना, तेही बघावं.

टाइल लावायच्या पद्धतीवर दुकानात आणि कामावर बरेच मतभेद ऐकू येतात, म्हणून कारण सांगतो. जुनी सिरॅमिक भिंतटाइल स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषते. तिला पाण्यात भिजवायचं, पाठीला सिमेंटचा घोळ लावायचा आणि ठोकायची, ही पद्धत तिच्यासाठी बरोबर होती, कारण सिमेंट तिच्या छिद्रांत शिरून घट्ट होतं. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी घेते. घोळ तिच्या पाठीवर नुसता चिकटून बसतो, आत शिरत नाही. दोन-तीन वर्षांनी २ x ४ फुटांची टाइल भिंतीवरून सुटते ती यामुळे. तिला पॉलिमर असलेलं ॲडहेसिव्हच हवं. दातेरी थापीने भिंतीवर एकाच दिशेने रेघा ओढायच्या, मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. एका वेळी भिंतीचा लहान भागच माखायचा. ॲडहेसिव्हला बोट लावल्यावर बोटाला काही चिकटलं नाही, तर वर साय धरलेली असते. तो थर खरवडून टाकायचा. दोन दिवसांनी लाकडी दांड्याने प्रत्येक टाइलच्या चारी कोपऱ्यांवर ठोकून बघायचं. पोकळ बोलते ती ग्राउट भरायच्या आधी काढायची.

फरशीच्या टाइलमध्ये २ मिलिमीटरचे स्पेसर घालायचे आणि चारी भिंतींपाशी ५ ते ८ मिलिमीटर फट सोडायची, ती स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायथ्याच्या टाइलच्या पट्टीखाली) झाकली जाते. फट न सोडता भिंतीला भिडवलेली फरशी उन्हाळ्यात मधूनच तंबूसारखी उचलते. सांध्याला न्हाणीत आणि ओट्यामागे इपॉक्सी, बाकी ठिकाणी साधा ग्राउट पुरतो.

टाइल किती घ्यायच्या, हे १२ x १४ च्या खोलीवर सांगतो. क्षेत्रफळ १६८ चौरस फूट. परिघ ५२ फूट, दाराचे ४ वजा, ४८ फूट स्कर्टिंग ४ इंच उंचीचं, म्हणजे १६ चौरस फूट. एकूण १८४, त्यावर ८ टक्के कट-वेस्टेज धरून १९९. ६०० x ६०० च्या खोक्यात ४ टाइल, १५.५ चौरस फूट. १३ खोकी लागतात, चौदावं ठेवणीचं. प्रत्येक खोक्यावर बॅच आणि शेडचा नंबर छापलेला असतो. माल उतरवतानाच तो सगळ्या खोक्यांवर एकच आहे का ते बघायचं. नंतर आणलेल्या दोन खोक्यांची छटा उजेडात वेगळी दिसते, आणि गुजरातेतल्या टाइल कारखान्यांच्या मोरबीहून तीच बॅच परत मिळेलच असं नाही.

कोट्याबद्दल माझं मत पक्कं आहे: पावसाळ्यात ओल्या पायांनी वावर असलेल्या घरात पडवीला न घासलेला कोटा चकचकीत टाइलपेक्षा केव्हाही बरा. दमट हवेत गुळगुळीत फरशीला घाम सुटतो आणि पाय घसरतो. माजघरात मात्र मशिनने पॉलिश केला. हे पॉलिश ओलं असतं, त्याचा राडा भिंतीवर फूटभर उडतो, म्हणून ते पुट्टी आणि दारांच्या रंगाच्या आधी उरकावं. कोटा हा चुनखडक आहे. सिमेंटचे डाग काढायला गवंडी ॲसिड टाकतात, ते कोट्यावर पडलं की पॉलिश जळून पांढुरके चट्टे राहतात.

याच कारणाने ओट्याला संगमरवर नको. कोकमाचं आगळ, लिंबू, चिंच यांचा थेंब संगमरवराची चमक खातो आणि आगळाचा लाल डाग आत मुरतो. ग्रॅनाइटवर ॲसिडची ही भीती नाही. ओटा २४ इंच खोल, उंची ३३ इंच ठेवली. पण ही उंची स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपराखाली ४-५ इंच येते का, हे पाहून ठरवावी. पुढच्या कडेखाली ग्रॅनाइटला एक बारीक खोबण मारून घ्यावी. सांडलेलं पाणी तिथे थेंब होऊन खाली पडतं, कपाटाच्या दारांवर ओघळत नाही. कपाटांचं ढाचं १८ मिलिमीटरच्या आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन) प्लायचं, खाली ४ इंची प्लॅस्टिकचे पाय, आणि मागची भिंत कोरडी झाल्याशिवाय बसवायचं नाही. लॅमिनेट बाहेरून १ मिलिमीटर लावलं तर आतूनही पातळ का होईना लावावं, एका बाजूने लावलेलं प्लाय पावसाळ्यात वाकतं.

दारं फुगण्याची तक्रार कोकणात घरोघरी ऐकू येते. फ्लश डोअरच्या दोन्ही बाजू छान रंगवलेल्या असतात, पण वरची आणि खालची कड कोरीच राहते, आणि दमटपणा तिथूनच आत जातो. दार बिजागरीवर चढवण्याआधी सहाही बाजूंना प्रायमर लावून घ्यायचा.

रंगाची घाई करू नये. प्लॅस्टर कमीत कमी चार आठवडे वाळलेलं हवं, आणि काम पावसाळ्यात आलं तर दसऱ्यापर्यंत थांबलेलं उत्तम. भिंत वाळली का ते पाहायला २ x २ फुटांचं प्लॅस्टिक चारी कडांना टेप लावून रात्रभर चिकटवायचं. सकाळी आतून थेंब दिसले तर पुट्टीला हात लावू नये, कारण बाहेर येऊ पाहणारं पाणी क्षार घेऊन येतं आणि पुट्टीच्या पापुद्र्यांसकट रंग उतरतो. पुट्टी दोन हात, मिळून ३ मिलिमीटरच्या आत, मग प्रायमर, मग इमल्शनचे दोन हात. एका लिटरमध्ये दोन हातांचं काम साधारण ६० ते ७० चौरस फूट होतं. उघड्या चिऱ्यावर वॉर्निश मारू नये. त्याचा पडदा आतली ओल कोंडून ठेवतो आणि फोड येऊन सुटतो. सिलेन-सिलॉक्सेन जातीचं, दगडात मुरणारं आणि वाफ बाहेर जाऊ देणारं पाणीरोधक, दगड पुरता कोरडा असताना, एप्रिलच्या सुमारास मारलं तर चिऱ्याचा रंग जसाच्या तसा राहतो.