टीव्हीला अक्कल कशाला?

दुपारी जेवणानंतर टीव्ही लावला आणि पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं. चित्र अजून झकास आहे, आवाज ठणठणीत. पण आतलं अ‍ॅप काही उघडेना. लेक म्हणाली, "बाबा, टीव्ही कशाला बदलतोस? अ‍ॅप चालवणारी एक स्टिक घे, टीव्हीमागच्या एचडीएमआयच्या खाचेत लाव, झालं." मुलाचं मत उलटं. म्हणे, सरळ नवा स्मार्ट टीव्हीच घ्यावा, वर आणखी एक वायर कशाला?

आमच्या लहानपणी टीव्हीला स्वतःची अक्कल नसायची, ती भाड्याने यायची. मे महिन्यात वर्गणी जमली की दुकानातला पोऱ्या व्हीसीआर चादरीत गुंडाळून आणायचा. तो जोडेपर्यंत रात्रीचे दहा. चित्र थरथरू लागलं की कोणीतरी जाणकार पुढे सरसावायचा आणि आतलं कॅसेट वाचणारं हेड पुसायला करकरीत नोट मागायचा. मग सगळे एकदम छताकडे बघायचे. तिसरा पिक्चर संपता संपता दूधवाला यायचा. उजाडल्यावर मशीन परत, आणि टीव्हीवर पुन्हा क्रोशाचा रुमाल.

पुढे सीडी प्लेअर आला, गेला. २०१२ साली मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तोही आला. पाहुणे बदलत गेले, यजमान तोच. स्मार्ट टीव्हीत पाहुणाच घरजावई होऊन बसलाय. काच दहा-बारा वर्षं सहज टिकते, पण आतला प्रोसेसर त्याआधीच म्हातारा होतो, अपडेट येणं थांबतं. २०१९च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने काही जुन्या स्मार्ट टीव्हींवर चालणं बंद केलं, तेव्हा त्या टीव्हींच्या काचेला काय झालं होतं?

एवढं सगळं जेवताना ऐकवलं. मुलाने शांतपणे आठवण करून दिली की मार्च २०२५मध्ये जगभरातले जुने क्रोमकास्ट, म्हणजे गूगलच्या टीव्हीला जोडायच्या डब्या, एकाएकी बंद पडले होते. आतल्या सर्टिफिकेटची, म्हणजे डिजिटल ओळखपत्राची, मुदत संपली, एवढंच कारण. म्हणजे वेगळी डबीही अमरपट्टा घेऊन येत नाही. पण मरते ती स्वस्तात, असं मी म्हणालो. त्यावर कोणी काही बोललं नाही.

दुकानात साधा, बिनडोक, मोठा टीव्ही मागितला तर विक्रेता म्हणाला, "काका, तो आता येत नाही." म्हणजे अक्कल विकत घ्यायचीच, आणि ती म्हातारी झाली की वर डबी लावायची. वायफायचा पासवर्ड न देता टीव्ही नुसता पडदा म्हणून वापरता येतो, हे मी घरात अजून सांगितलेलं नाही.

तूर्त रिमोट तीन आहेत, सेल दोघांतच.