एकाच गळ्यातले दोघे

जर्मन नाटककार ब्रेख्तच्या ‘द गुड पर्सन ऑफ सेझुआन’ या नाटकातली नायिका ‘शेन ते’ मी वेगवेगळ्या नटींनी केलेली पाहिली आहे, आणि आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या प्रयोगात ती स्वतः केलीही आहे. भली बाई, लोक तिला लुबाडतात, म्हणून ती शुई ता नावाचा कडक चुलतभाऊ उभा करते आणि त्याच्या वेशात आपलं दुकान वाचवते. व्यंकटेश माडगूळकरांनी याच नाटकावरून ‘देवाजीने करुणा केली’ लिहिलं. विंगेत कोट चढवायचा, मिशी चिकटवायची, आवाज खाली आणायचा, आणि तोवर कोरसने गाणं लांबवायचं, हे सगळं मला पाठ आहे.

म्हणून कोरियन गायिका ली जारामने याच नाटकावरून केलेलं ‘साचॉन-गा’ इंग्रजी सबटायटल्ससह बघायला घेतलं तेव्हा ही बाई वेश कसा बदलते, याचीच मला उत्सुकता होती. पण वेशाकडे लक्षच गेलं नाही. जे घडायचं ते गळ्यात घडत होतं.

‘साचॉन-गा’ पान्सोरी आहे. या कोरियन प्रकारात गोष्ट सांगणारा एक आणि ढोलावर साथ करणारा एक, ज्याला गोसू म्हणतात. हातात पंखा. काही भाग बोलून सांगायचा, काही गायचा, आणि मधूनमधून गोसू ‘ऑलशिगू!’ अशी दाद देतो, प्रेक्षकही देतात. आपल्या शाहिरामागे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणतात, ती ऊब इथे आहे. गळा मात्र गोड ठेवायचा नसतो. वर्षानुवर्षं घासून तो खरखरीत करायचा, त्यातच त्याचं मोल. ली जारामने 1999 मध्ये, विशीत, ‘चुनह्यांग-गा’ ही पारंपरिक पान्सोरी सलग आठ तास गायली होती. तो दम इथे ऐकू येतो.

‘साचॉन-गा’ तिने 2007 मध्ये आणलं. शब्द तिचे, गायकीची रचना तिची, गाणारीही तीच. दिग्दर्शन नाम इन-वू या दुसऱ्या बाईचं. शेन तेची इथे सुनदॉक होते, आणि सुनदॉक जाड आहे. माझ्या मते हा नाटकाचा सगळ्यात धारदार बदल. ब्रेख्तकडे चांगुलपणाची गाठ पैशाशी पडते. इथे ती बाईच्या दिसण्याशीही पडते. चांगलं असणं पुरत नाही, चांगलं दिसावंही लागतं. मग येतो चुलतभाऊ नाम जे-सू. सुनदॉक, जे-सू आणि त्या दोघांची गोष्ट सांगणारी, तिघंही एकाच गळ्यातून येतात. विनवणीचा लांबवलेला स्वर मध्येच तुटतो, ढोलावर थाप पडते, आणि पुढचं वाक्य हुकूम असतं. मला त्या क्षणी धडकी भरली. दोन माणसं नाहीत, एकाच बाईला दोन व्हायला लावलंय, हे कोटामिशीत कधी इतकं अंगावर आलं नव्हतं.

पान्सोरी पूर्वी पुरुषांचीच होती. एकोणिसाव्या शतकात शिन जे-ह्यो यांची शिष्या जिन चे-सॉन गायला उभी राहिली; तिला पहिली स्त्री गायिका मानतात, आणि राजवाड्यात ती पुरुषवेशात गायली असं सांगतात. हे कळल्यावर जे-सू मला निव्वळ ब्रेख्तचा वाटेनासा झाला.

2011 मध्ये ली जारामने ब्रेख्तच्याच ‘मदर करेज’वरून ‘ऑकचॉक-गा’ केलं. युद्ध युरोपातून उचलून प्राचीन चीनमधल्या तीन राज्यांच्या लढायांत नेलं, आणि पंधरा भूमिका एकटीने केल्या. त्यावर सविस्तर लिहायचंय, पण वेगळं.

कोरियन लेखिकांची नाटकं इंग्रजीतून वाचायला मिळतात ती जरूर वाचावीत. पण ली जारामची संहिता नुसती वाचून हाती लागणार नाही. ज्यांना ब्रेख्तची किंवा माडगूळकरांची गोष्ट माहीत आहे त्यांनी पहिल्या खेपेला सबटायटल्स बंदच ठेवावीत आणि गोसूची थाप कुठे पडते तेवढं ऐकावं. वाचायचं दुसऱ्या खेपेला.