वाए रेबो: ‘दोन तास, आरामात’ आणि विकाऊ नसलेली जमीन

इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावरच्या लाबुआन बाजोत, बंदर रस्त्यावर टूरवाल्यांचे जितके जाहिरातीचे फळे, तितक्यांवर वाए रेबो हे डोंगरातलं गाव. वर कोमोडोच्या बोटी, खाली गवताच्या सात शंकूसारख्या घरांचा फोटो आणि त्याखाली ‘दुआ जाम, सांताय’, म्हणजे दोन तास, आरामात. फोटो खरा आहे. दोन तासही धडधाकट माणसाला जवळजवळ खरे आहेत. ‘सांताय’ मात्र साफ खोटं. आणि त्या दोन तासांआधी गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतात, त्याबद्दल फळा गप्प.

गाव फ्लोरेस बेटावर, मांग्गाराई जिल्ह्यात. सरकारी कागदांवर ते सतार लेंडा गावात आणि सतार मेसे बारात तालुक्यात मोडतं. उंची साधारण ११०० मीटर, चारी बाजूंना जंगल, गाडीरस्ता नाही. मांग्गाराई भाषेत ‘वाए’ म्हणजे पाणी, ओढा, नदी. या भागातल्या निम्म्या गावांची नावं त्यावरूनच सुरू होतात. त्यामुळे ड्रायव्हरला नुसतं ‘वाए’ सांगून भागत नाही. ‘देंगे’ म्हणायचं. गाडी जाते ती देंगेपर्यंत.

देंगेला पोचायचे रस्ते दोन. लाबुआन बाजोहून लेंबोरपर्यंत मुख्य रस्ता उत्तम, तिथून खाली नांगालिलीला उतरून समुद्राकडेने दिंतोर आणि मग वर देंगे. दुसरा डोंगरातल्या रुतेंग शहराकडून: चांचार, पेला, तोडो, दिंतोर, देंगे. नकाशावर पहिला जवळचा दिसतो आणि कोरड्या दिवसांत आहेही. पण पावसाळ्यात किनाऱ्याचे ओढे कधी अडवतील याचा नेम नसतो, तेव्हा रुतेंगवरूनच या. फोनवरचा नकाशा दाखवतो त्या वेळेत दीड-दोन तास मिळवा. शेवटच्या टप्प्यात वळणं, चढ, फुटलेलं डांबर आणि रस्त्यात झोपलेली कुत्री आहेत. वेग ताशी वीसच्या वर जात नाही. लाबुआन बाजोहून पहाटे निघालात तर दुपारी चालायला लागाल. नऊला आरामात नाश्ता करून निघालात, तर जंगलात अंधार पडेल. इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, बाराही महिने. दोननंतर चढायला सुरुवात करू नका.

देंगेहून वर पहिल्या थांब्यापर्यंत, म्हणजे वाए लोंबापर्यंत, ओजेक मिळतं. ओजेक म्हणजे भाड्याची मोटारसायकल, मागे बसून जायचं. हा टप्पा चालण्यात काहीही मजा नाही, उघडा रस्ता आहे आणि ऊन आहे. ओजेक घ्याच. फक्त बसण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: पैसे एका फेरीचे की जाऊन-येऊन, आणि गाडी नेमकी कुठपर्यंत. ‘साम्पाय वाए लोंबा?’ असं विचारायचं. एका फेरीला ५०,००० रुपियाच्या आसपास रास्त. शेवटची तीन शून्यं खोडून सव्वापाचने गुणलं की साधारण आपले रुपये, म्हणजे अडीचशेच्या थोडं वर. तेवढं द्या, घासाघीस करू नका. ज्याच्याशी घासाघीस करायला हवी तो इथे नाही, तो बंदरावर बसलाय.

आता अवघड पट्टा. वाए लोंबाचा ओढा ओलांडला की पोचो रोकोपर्यंत, दुसऱ्या थांब्यापर्यंत, चढ सुरू होतो आणि थांबत नाही. एकूण चाल साडेचार किलोमीटरच्या आसपास, पण तिचा सगळा त्रास या निम्म्या भागात साठवलेला आहे. वाट अरुंद. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे झाडीने झाकलेली दरी. झाकलेली असल्याने ती किती खोल आहे ते कळत नाही, आणि कठडा सगळीकडे नाही. खाली चिकणमाती, वर कुजलेला पाला, मधूनमधून मुळं आणि शेवाळलेले दगड. सह्याद्रीतला घसारा वेगळा: तिथे पाय निसटला तर आवाज येतो, सावध व्हायला क्षण मिळतो. इथे चिकणमातीवरचा पाला पायाखालून गालिच्यासारखा सरकतो, आवाज न करता. तळव्याला खोल खाचा असलेले बूट लागतात. गुळगुळीत झालेले धावण्याचे बूट आणि फ्लोटर्स देंगेलाच ठेवा. पावसाळी ट्रेकची सवय असलेल्याला दम लागणार नाही असं नाही, पण भीतीही वाटायची नाही. सवय नसलेल्याने दोन नाही, साडेतीन तास धरावेत.

त्यातून जळवा. नोव्हेंबर ते मार्च भरपूर, बाकीच्या दिवसांतही पाऊस पडून गेला की हजर. पॅंट मोज्यांत खोचा, मोज्यांवर मीठ किंवा तंबाखूचं पाणी चोळा, आणि थांबाल तेव्हा उघड्या दगडावर थांबा, पाल्यात नको. चिकटलेली जळू ओढून काढू नका. नखाने तिच्या तोंडाकडची बाजू खरवडून सोडवा. रक्त बराच वेळ वाहतं, त्याचं काही विशेष नाही.

सर्वांत वाईट वेळ मात्र चढताना नाही, दुसऱ्या दिवशी उतरताना येते. रात्रभर चटईवर झोपून पाठ आखडलेली, पोटऱ्या कालच्या चढाने भरलेल्या, पहाटे पाऊस झालेला, आणि तोच पट्टा आता उलटा. पाय मोडतात ते या उतरणीवर. काठी चढताना कुणी घेत नाही; उतरताना मागून घ्या, गावात बांबूची मिळते. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी खरंच येऊ नये. हे थकलेल्या पायांचं मत आहे हे मान्य, पण दोन दिवस विश्रांती घेऊनही ते बदललेलं नाही.

पोचो रोकोवर फोनची शेवटची रेंज. घरी काय कळवायचं ते इथून कळवा. पुढे वाट सपाट, मग उतार, मग कॉफीच्या बागा. सोपं आहे, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गावाच्या वर एक आडोसा आहे, तिथे लाकडी ठोकळा वाजवायचा असतो, म्हणजे खाली पाहुणे आल्याचं कळतं. वाजवायला विसरू नका आणि मजा म्हणून दोनदा वाजवूही नका.

गावात शिरल्यावर आधी मोठ्या घरात, नियांग गेंडांगमध्ये, म्हणजे ढोलघरात. तिथे वडीलधारा माणूस पूर्वजांना तुमची ओळख करून देतो. हे होईपर्यंत कॅमेरा पिशवीत. एका गटामागे थोडी रक्कम ठेवायची असते, ५०,००० रुपिया पुरतात. नवरा-बायकोने हातात हात घालून फिरणं गावात चालत नाही, मुलांना चॉकलेटं-पैसे वाटणंही नाही.

घरांकडे नीट पाहा, कारण एवढं चालून आलात ते त्यांच्यासाठी. म्बारू नियांग म्हणतात त्यांना. मधोमध वोरोक लाकडाचा खांब, त्याभोवती पाच मजले, सगळं वेताने बांधलेलं, खिळा नाही. छप्पर गवत आणि ताडाच्या काळ्या तंतूंचं, जवळजवळ जमिनीला टेकलेलं, त्यामुळे भिंत अशी दिसतच नाही. खाली ‘लुतुर’, राहायची जागा; वर ‘लोबो’ धान्याला; ‘लेंतार’ बियाण्याला; ‘लेंपा राए’ दुष्काळासाठी राखीव साठ्याला; आणि अगदी टोकाला ‘हेकांग कोडे’, पूर्वजांच्या नैवेद्याला. आत चूल पेटलेली असते, धूर छपरातून झिरपत बाहेर पडतो. तो धूरच गवत आणि वेत किडीपासून वाचवतो. धुराचा त्रास होतो म्हणून चूल विझवायला सांगणारे पाहुणे असतात; त्यांना घर कळलेलं नसतं. २००८ साली जकार्ताचे वास्तुविशारद योरी आन्तार आपल्या गटासह इथे आले, तेव्हा सातांपैकी चारच घरं उभी होती. पुढच्या तीनेक वर्षांत गावकऱ्यांनीच जुन्या पद्धतीने सातही पुरी केली. २०१२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, २०१३ मध्ये आगा खान पुरस्काराच्या अंतिम यादीत नाव गेलं. फळ्यावरची गर्दी त्यानंतरची.

झोपायचं पाहुण्यांच्या गोल घरात, सगळ्यांनी एकत्र, पाय मधल्या खांबाकडे. चटई, पातळ गादी, उशी, ब्लॅंकेट देतात. रात्री चांगलंच गारठतं. लोकरी टोपी आणि कोरडे मोजे हवेतच. वीज संध्याकाळी काही तास, पॉवरबॅंक आणा. संडास-न्हाणी बाहेर, पाणी बर्फासारखं. जेवण भात, भाजी, अंडं किंवा कोंबडी. शाकाहारी असाल तर पोचल्या पोचल्या सांगा: ‘तांपा दागिंग, तांपा आयाम, तांपा इकान.’ तरीही तिखट सांबालमध्ये तेरासी, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचा गोळा, असू शकतो. कडक शाकाहाऱ्यांनी सांबालला हात लावू नये आणि चटणीची पुडी बरोबर ठेवावी. जैनांची पंचाईत होईल.

एका दिवसात जाऊन येणं हा मूर्खपणा आहे. पाच तास गाडी, दोन तास चढ, एक तास गाव, पुन्हा तेच उलटं. गावाचा खरा वेळ दिवसाचे पाहुणे उतरल्यानंतरचा आणि सकाळी सहाचा. राहा, नाहीतर येऊच नका.

पैशांचं. राहण्या-जेवणाचा गावाचा दर ठरलेला आहे आणि तो गावाच्या सामाईक व्यवस्थेत जातो. कित्येक वर्षं तो माणशी ३,२५,००० रुपिया होता, दिवसापुरतं आल्यास २,००,०००. थोडा वाढलेला ऐकू आला तर निमूट द्या. लूट होते ती पॅकेजमध्ये. बंदरावर एक गोल आकडा सांगतात. त्याचे तुकडे मागा: गाडी आणि पेट्रोल, ड्रायव्हर, देंगेची रात्र, वाटाड्या, गावाचा दर, ओजेक. तुकडे पाडले की दिसतं, गाडी सोडली तर बाकी सगळं मिळून आकड्याचा लहान हिस्सा आहे. गाडीचे पैसे गाडीमागे असतात, माणसामागे नाही. चौघांकडून चार गाड्यांचे घेतले जात असतील तर उठून पुढच्या दुकानात जा. ‘प्रवेश’, ‘देणगी’ आणि ‘स्वागतविधी’ अशा तीन वेगळ्या ओळी दिसल्या तर तेही एकच पैसे तीनदा आहेत. वाटाड्या देंगेचा किंवा गावचाच घ्या, लाबुआन बाजोहून आणू नका. त्याला वाट तुमच्याइतकीच माहीत असते. रोकड लाबुआन बाजो किंवा रुतेंगला काढा, पुढे भरवसा नाही. नोटा ५०,००० आणि त्याखालच्या. इंडोनेशियाचा व्हिसा विमानतळावर ५,००,००० रुपियात ३० दिवसांचा मिळतो, एकदा वाढवता येतो.

आता जमीन. लाबुआन बाजोला सरकारने अग्रक्रमाच्या पर्यटनस्थळांत घातल्यापासून डोंगरउतार विकणारे दलाल उगवलेत, आणि त्यातले काही जण ‘वाए रेबोजवळ इको-लॉजला जागा’ असंही दाखवतात. आपल्याकडच्यांना कोकणातला सात-बारा पाहायची सवय असते. इथे कागदाआधी माणसं पाहावी लागतात. मांग्गाराईत म्हण आहे, ‘गेंडांग ओने, लिंग्को पेआंग’: ढोलघर आत, शेत बाहेर. म्हणजे दोन्ही एकाच वस्तूच्या दोन बाजू. शेतजमीन ढोलघराच्या कुळाची. ‘तुआ गोलो’ गावाचा प्रमुख, ‘तुआ तेनो’ जमीन वाटून देणारा. चांचारला टेकडीवरून कोळ्याच्या जाळ्यासारखी भातशेतं दिसतात ती याच वाटणीची: मधल्या खुंटापासून बाहेर त्रिकोणी फाके. एखाद्या भावाने आपला फाका विकला असं कागदावर दिसलं तरी कुळाने मान्य केलं नसेल तर तुमचं कुंपण उभं राहत नाही.

कायदाही तेच सांगतो. १९६० चा जमीन कायदा क्रमांक ५ परदेशी माणसाला ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, देत नाही. स्थानिकाच्या नावावर घेऊन आपण पैसे भरायचे हा बालीतला प्रसिद्ध उपाय त्याच कायद्याच्या २६व्या कलमानुसार रद्दबातल ठरतो: जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. उरतो मुदतीचा वापरहक्क किंवा परदेशी गुंतवणुकीची कंपनी. कंपनीला १० अब्ज रुपियाहून जास्त गुंतवणूक दाखवावी लागते, म्हणजे साधारण सव्वापाच कोटी रुपये. एवढ्या पैशांचं लॉज या वाटेवर उभं करायला सिमेंट माणसाच्या पाठीवरून न्यावं लागेल. देंगे किंवा दिंतोरच्या एखाद्या घरमालकाबरोबर खोल्या वाढवायचा करार, मुदतीचा, तुआ गोलोच्या समोर केलेला, एवढंच शहाणपणाचं वाटतं. नाहीतर कॉफी घ्या. गावात अराबिका होते, घरासमोर चटईवर वाळत असते. दाणे घ्या, पूड नको. पुडीत काय मिसळलंय ते खालच्या दुकानात कळत नाही.

यायचे महिने मे ते सप्टेंबर. नोव्हेंबरात पेंती असतो, वर्षअखेरीचा सण, चाबूक-ढालीचा चाची खेळ होतो. तो पाहायचा तर चिखल आणि जळवा पत्करून या.

स्वस्तात जायचं असेल तर रुतेंगच्या मेना तळावरून ओतो कोल, फळ्यांचे बाक ठोकलेला ट्रक, देंगेला येतो. सकाळी निघतो म्हणतात, निघतो भरला की. त्यात एक गोम आहे: परतीचा ट्रक देंगेहून पहाटे सुटतो. वरच्या गावात रात्र काढून तो गाठता येत नाही. म्हणजे ट्रकने येणाऱ्याला दोन रात्री लागतात, पहिली वर, दुसरी देंगेत. आणि आदल्या संध्याकाळी घरमालकाला सांगून ठेवावं लागतं, म्हणजे ड्रायव्हर दारात हॉर्न वाजवतो.