आधी माप दाखवा, मग कर मागा

1700 साली इंग्लंडमध्ये वाइन आणणाऱ्या एका व्यापाऱ्यावर सरकारने कर बुडवल्याचा खटला भरला. कर गॅलन या द्रव मोजायच्या मापावर होता. सरकारच्या हिशोबाने गॅलन 231 घन इंचांचा. व्यापारी म्हणाला, माझा 282 चा. त्याच्या मापाने त्याच पिंपातले गॅलन कमी भरत आणि कर जवळपास पाचव्या हिश्शाने घटे. 231 चा आकडा कोणत्या कायद्यात लिहिलाय, असं त्याने विचारलं. तो कुठेच नव्हता. सरकारला खटला मागे घ्यावा लागला, आणि पुढे राणी ॲनच्या काळात 231 हा आकडा कायद्यात आला.

बिअरचा गॅलन मात्र 282 चाच राहिला. राज्यभर वाइनचं एक माप आणि बिअरचं एक माप हवं, हे 1215 च्या मॅग्ना कार्टा या राजाच्या सनदेत लिहिलेलं होतं. दोन्हींना मिळून एकच माप ठरायला 1824 उजाडलं: दहा पौंड पाणी मावेल तो गॅलन, सुमारे 277 घन इंचांचा. अमेरिकेत अजून 231 चाच चालतो.

आमच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि मी तिच्याच बाजूची आहे. मला बोलायचंय ते मापाबद्दल.

इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात मोहाच्या भट्ट्यांचे लिलाव होत. ठेकेदार ठोक रक्कम भरी, दारू किती गाळली ते कुणी मोजत नसे. नंतर मोठ्या डिस्टिलरी आल्या, गॅलनवर कर आला आणि दारूची तीव्रता हायड्रोमीटरने तपासली जाऊ लागली. सरकारच्या पैशाला इतकं काटेकोर माप! आणि ज्या बायांनी पहाटे उठून मोहाची फुलं वेचली, त्यांचं माप? व्यापाऱ्याची पायली, म्हणजे धान्याचं मापटं, तेही शीग लावून, काठावर ढीग करून. माझी आजी कुरखेड्याकडच्या आमच्या गावात भाव नंतर विचारायची. आधी म्हणायची, "शेटजी, पायली दाखवा. अन् वरून हात फिरवा, शीग कायले?" व्यापारी कधी ऐके, कधी दुसऱ्या दारी जाई. इंग्लंडच्या त्या वाइनवाल्याकडे वकील होता, आजीकडे फक्त तोंड होतं. तरी प्रश्न दोघांचा एकच, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

आता फुलं किलोने जातात. बायांनो, टोपलं रिकामं करण्याआधी काट्यावरचा पडताळणीचा शिक्का बघा, प्रमाणपत्र मागा आणि रिकामा काटा शून्यावर आहे ना, तेही बघा.